भोपळ्यांच्या लोन्झुची गुप्त पाहणी

गुरुवारी भोपळ्यांचा लोन्झु जर्मन होणार आहे, ही बातमी मला सोमवारी कळली. म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या नंतर.

लोन्झुच्या आईने ती आधी पास्तिझीवाल्याला सांगितली, कोणाला न सांगण्याच्या बोलीवर. पास्तिझीवाला शब्दाचा पक्का, त्यामुळे त्याने ती फक्त गिऱ्हाइकांना सांगितली. वालेत्तात, माल्टाच्या या राजधानीत, सकाळी उठून चीज भरलेल्या पास्तिझी न खाणारी माणसं दोनच. एक आमच्या पेठेतले म्हातारे पाद्री, त्यांना पित्ताचा त्रास आहे. दुसरा मी, मला माणसांचा आहे.

शहराच्या वेशीबाहेर, कारंज्याच्या कडेला, घोडागाड्यांचा अड्डा आहे. नऊ गाड्या, नऊ घोडे आणि बोटीतून उतरलेल्या लालबुंद पाहुण्यांना बघून एकदम उठून उभे राहणारे नऊ गाडीवान. या सगळ्यांवर देखरेख करणारं एक खातं आहे. खात्याचं नाव इतकं लांब आहे की पाटीच्या दोन ओळी जातात. या खात्याला वसंत ऋतूत साक्षात्कार झाला की गाडीवान दर्जेदार हवेत. त्यासाठी खात्याचा माणूस परदेशी पाहुण्याच्या वेशात येणार, कुठल्याही गाडीत बसणार, शहरभर फिरणार आणि शंभरांपैकी गुण देणार. साठाच्या खाली गेलेल्या गाडीवानाने वेशीवरून उठायचं आणि खाली खंदकापलीकडे, जुन्या बसआगाराच्या भिंतीशी उभं राहायचं. तिथे पाहुणे फक्त वाट चुकल्यावर येतात, आणि तेही भांडत.

याला जोडून एक नियम होता. पाहुणा कोण आहे हे गाडीवानाला माहीत आहे असं दिसलं, तर पाहणी रद्द आणि गाडी सरळ खंदकावर. हा नियम कुठल्या तरी मोठ्या देशाच्या कागदावरून उतरवलेला असणार. आमचं शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं लागतात, तीही कोणी थांबवून आईची तब्येत विचारली तर. इथे गुप्त राहायला माणसाला आधी मरावं लागतं, आणि त्यानंतरही बायका कबरीपाशी येऊन सगळं सांगतात.

पण आम्ही सभ्य लोक. जूनपर्यंत चार पाहण्या झाल्या होत्या. डॅनिश डॉक्टर होऊन आला तो एरवी आमच्या नळांचे मीटर वाचतो. बेल्जियन जोडप्यातली बायको गाडीवानाची सख्खी मावसबहीण होती. तिने नवऱ्याच्या कानात फ्रेंचसारखं काहीतरी पुटपुटत तासभर काढला, आणि गाडीवानानेही तिला 'मादाम' म्हणून हात देऊन उतरवलं. चारही गाडीवान पास झाले. आमच्या बेटावर नाटक करायला वेगळे नट लागत नाहीत.

पाचवी पाहणी विस्तिनची होती, ती करणार होता लोन्झु, आणि तिथे घोटाळा होता.

विस्तिन बावन्न वर्षांचा. त्याचा बाप त्याच जागी उभा असायचा, आजोबाही. आजोबांच्या घोड्याने कारंज्याच्या दगडाला दात घासून घासून खाच पाडली आहे असं विस्तिन म्हणतो. कारंजं आजोबांच्या नंतरचं आहे, पण ते जाऊ द्या. या विस्तिनच्या बहिणीचं, फिलुमेनाचं, लोन्झुशी लग्न ठरलं होतं. हॉल ठरला होता, साखरेच्या बदामांच्या पुड्या बांधून झाल्या होत्या. लग्नाला नऊ दिवस राहिले असताना लोन्झु यायचा बंद झाला. पुड्या पुढे वर्षभर घोडीने खाल्ल्या. तेव्हापासून विस्तिन लोन्झुशी एक शब्द बोललेला नाही. सतरा वर्षं. या गल्ल्यांतून सतरा वर्षं एखाद्याला टाळायचं म्हणजे पूर्णवेळ नोकरी आहे. विस्तिनचं निम्मं आयुष्य समोरच्या फुटपाथवर गेलं.

बुधवारी दुपारी तो माझ्याकडे आला. मी बावीस वर्षं शाळेत जर्मन शिकवलं. त्यातून जर्मन कोणालाच आलं नाही. मग वाटाड्याचा बिल्ला काढला. इंग्रजी न येणारा पाहुणा असेल तर गाडीत बिल्लेवाला दुभाषा बसवायचा, असाही एक नियम आहे. जर्मनचा दुभाषा अड्ड्यावर मी एकटा.

"मास्तर, उद्याचा जर्मन माहीत आहे ना कोण?"

"मला माहीत नाही. तुलाही नाही."

"मला त्याच्या सात पिढ्या माहीत आहेत! ह्यांना भोपळे का म्हणतात ठाऊक आहे? ह्याचा पणजा पाद्र्यांच्या मळ्यातून—"

"विस्तिन. खंदक."

 टोपी काढून त्याने टक्कल पुसलं.

"पण बोलू काय मी त्याच्याशी? आईच्या कबरीवर हात ठेवून सांगितलंय, ह्या माणसाशी बोलणार नाही म्हणून."

"तू बोलणार माझ्याशी. मी त्याला जर्मनमध्ये सांगणार. तो मला सांगेल, मी तुला सांगेन. नियमच आहे तसा."

विस्तिनचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे मी जे काही बोलेन ते तुम्हाला बोललो असं होणार?"

"हो."

"आणि त्याला आपलं माल्टीज काहीच कळणार नाही?"

"तो जर्मन आहे, विस्तिन."

"अस्सं," विस्तिन म्हणाला, आणि शीळ घालत गेला. त्या शिळेचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता. पण उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता मी माझ्या शहराकडून कसलीच अपेक्षा ठेवत नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता लोन्झु आला. गवती टोपी, गळ्यात कॅमेरा, सँडल आणि सँडलमध्ये मोजे. मोज्यांपुरता अभ्यास चांगला होता. फक्त तो बंदराकडून किंवा बसकडून न येता वेशीच्या आतून, सरळ आपल्या घराकडून आला. वाटेत भाजीवाला, लॉटरीवाली आणि त्याचा स्वतःचा काका अशा तिघांनी त्याला पाहून माना फिरवल्या. इतकं एकमत आमच्याकडे निवडणुकीतही दिसत नाही.

"गुटेन मॉर्गेन," लोन्झु म्हणाला. त्याला जर्मनची सहा वाक्यं येत होती. ती मीच त्याला नववीत शिकवली होती.

"साहेब सुप्रभात म्हणतात," मी विस्तिनला सांगितलं.

"साहेबांना सांगा, गाडीत बसा. पाय पुसून."

आम्ही निघालो. डचेस ही विस्तिनची घोडी, वय एकोणीस, स्वभावाने सरकारी. तटबंदीच्या कडेने, समुद्र डावीकडे ठेवून ती किल्ल्याकडे उतरायला लागली. विस्तिन पुढे पाठमोरा, मागे मी आणि खात्याचा माणूस शेजारी शेजारी. लोन्झुने मांडीवर वही उघडली आणि पेन्सिल ओली केली. अशी पेन्सिल ओली करणारा जर्मन मी पाहिलेला नाही.

"सांगा साहेबांना," विस्तिनने चाबूक समोर रोखला, "हा किल्ला. तुर्कांनी वेढला तेव्हा आतली माणसं शेवटच्या माणसापर्यंत लढली. एकही जण पळाला नाही. त्या काळात पळून जायची पद्धत नव्हती. ती पुढे आली."

मी जर्मनमध्ये म्हणालो, "हा किल्ला जुना आहे."

"या, या," लोन्झु म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. त्याचा डावा कान लाल झाला होता.

"आणि ती घंटा. लढाईत मेलेल्यांसाठी वाजते. जिवंत असून मेलेल्यांसाठी वाजवायची सोय अजून केलेली नाही. खात्याला सुचवा म्हणावं."

"ही घंटा आहे," मी म्हणालो.

लोन्झुने वहीत काहीतरी लिहिलं. ते तिरकं बघितलं, तर नुसत्या रेघा होत्या, एकावर एक, कागद फाटेपर्यंत.

खालच्या बागेशी चढ लागला. डचेस धापा टाकायला लागली आणि विस्तिनला मात्र जोर चढला. सतरा वर्षांचं साठलेलं होतं. आमच्याकडे माणसं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवतात, आणि राग त्याच्याहून खोल.

"मास्तर, साहेबांना विचारा. त्यांच्या जर्मनीत लग्नाला नऊ दिवस असताना नवरामुलगा पळून गेला, तर त्याला काय म्हणतात?"

मी लोन्झुला जर्मनमध्ये विचारलं, उकडतंय का. खरोखरच उकडत होतं. तो म्हणाला, "आइन बिअर, बिट्टे," म्हणजे एक बिअर द्या. हे त्याचं तिसरं वाक्य होतं.

"साहेब म्हणतात," मी विस्तिनला सांगितलं, "त्यांच्याकडे आधी कारण विचारतात."

हे मी का म्हणालो? कंटाळ्याने. आणि खरं सांगायचं तर मलाही सतरा वर्षं कारण कळलं नव्हतं, आणि या शहरात एखादी गोष्ट न कळणं म्हणजे अपमान असतो.

"कारण!" विस्तिनने लगाम खेचला. "भित्र्या माणसाला कारण लागत नाही, दार लागतं. सांगा त्यांना! आमच्याकडे एक कुत्रा होता म्हणावं. आमच्या टेबलावर जेवायचा, माझ्या आईच्या हातचा ससा चापून खायचा, तीन तीन वेळा रस्सा मागून. आणि एक दिवस—"

"वो इस्ट डेअर बानहोफ!" लोन्झु ओरडला.

म्हणजे, रेल्वे स्टेशन कुठे आहे. आमच्या बेटावरची रेल्वे बंद होऊन नव्वद वर्षं झाली. पण त्याने ते अशा काही आवाजात विचारलं की डचेसने कान टवकारले आणि बागेतल्या दोन खऱ्या जर्मन बायका आमच्याकडे वळून बघायला लागल्या.

"काय म्हणतो?" विस्तिनने विचारलं.

"साहेब म्हणतात, एकच बाजू ऐकून गोष्ट सांगू नये."

"त्याला म्हणावं, तुझी बाजू आम्ही बघितली. पाठीमागची."

लोन्झुने वही मिटली. माझा अंदाज, त्या क्षणी विस्तिनचे गुण तिशीच्या आसपास असावेत. विस्तिनलाही ते जाणवलं असणार, कारण चाबूक मांडीवर ठेवून तो घोडीच्या पाठीकडे बघत राहिला. तीन पिढ्यांची जागा त्याने अर्ध्या तासात बोलून उडवली होती. मला त्याची कीव आली नाही. ज्याला तोंड आवरत नाही त्याने घोडा आवरण्याचा धंदा करू नये.

आणि मग डचेस आपणहून उजवीकडे वळली.

रोज अकराच्या सुमाराला ती त्या गल्लीत वळते. तिसऱ्या मजल्यावर हिरव्या रंगाचा बंद लाकडी सज्जा आहे. तिथून फिलुमेना दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. टोपलीत भावासाठी टोमॅटो चोळलेला तेलातला पाव असतो आणि घोडीसाठी गाजर. विस्तिनने लगाम ओढला, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. घोडी सज्ज्याखाली जाऊन उभी राहिली.

टोपली खाली आली. वर काचेची खिडकी सरकली. फिलुमेना आता शेहेचाळीस वर्षांची आहे. आमच्या संताच्या उत्सवाच्या पताका ती शिवते, सोनेरी जरीच्या, आणि मान वर न करता. आज तिने मान खाली केली. तिला कोणी काही सांगायचं नाही असं सगळ्या गल्लीने ठरवलं होतं, त्यामुळे प्रत्येकाने तिला एकेकट्याने येऊन सांगितलं होतं.

"लोन्झु," ती म्हणाली, "टोपी काढ ती. घामाने डोकं उकडलंय तुझं. आणि ती टोपी तुझ्या आईची आहे."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या आधीच उघड्या होत्या. आता त्यांत माणसं आली.

"मास्तर!" विस्तिन कुजबुजला. त्याचा रंग उडाला होता. "मास्तर, तिला सांगा हे जर्मन आहेत!"

"तुझी बहीण आहे. तू सांग."

"फिलुमेना! आत जा! हे साहेब परदेशी आहेत, ओळख ना पाळख!"

"परदेशी," फिलुमेना म्हणाली. "होताच तो परदेशी. म्हणून तर घालवला मी त्याला."

"कोणी घालवला?"

"मी."

आमच्या शहरात दोन संत आहेत, म्हणजे पुष्कळ आहेत, पण एकमेकांशी वैर असलेले मुख्य दोन. त्यांची नावं मी लिहीत नाही. लिहिली तर अर्धं शहर ही गोष्ट वाचणार नाही आणि उरलेलं अर्धं माझ्या दाराला काळं फासेल. एका संताची माणसं खालच्या आळीत, दुसऱ्याची वरच्या. दोघांचे बँड वेगळे, झेंडे वेगळे, फटाकेवाले वेगळे. फिलुमेना खालची. भोपळे वरचे.

"लग्न झाल्यावर ह्या सज्ज्यावर आपण दिवे लावू, असं म्हणाला," फिलुमेना सांगत होती, इतक्या शांतपणे की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जावं. "मी म्हटलं लावू की, आपल्या संताचे. तो म्हणाला, माझ्याही संताचे. मी म्हटलं, ह्या सज्ज्यावर? माझ्या आईच्या सज्ज्यावर? तर म्हणाला, मग एक वर्षाआड करू. एक वर्ष तुझा, एक वर्ष माझा."

समोरच्या खिडकीतल्या म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

"एक वर्षाआड?" विस्तिन म्हणाला.  "तो असं म्हणाला?"

"मी म्हटलं चालू लाग."

"मग मला का सांगितलं नाहीस? सतरा वर्षं मी समोरच्या फुटपाथने—"

"सांगितलं असतं तर मारला असतास त्याला. पळाला म्हटल्यावर नुसतं बोलणं टाकलंस. त्यानेच सुचवलं. म्हणाला, माझ्या नावावर घाल, तुझ्या भावाचा तुरुंग तरी वाचेल."

 खाली घोडीच्या गाजराचा कडकड आवाज तेवढा येत होता. मी शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिलं. गवती टोपी, मोजे, घामाने चिकटलेला शर्ट. हा माणूस सतरा वर्षं भित्रा म्हणून मिरवला, एका मेव्हण्याला वाचवण्यासाठी जो त्याचा मेव्हणा झालाच नाही. आणि हे सगळं विजेच्या दिव्यांच्या माळेवरून. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर इतकं मोठं मन खर्च करणं फक्त आमच्याच लोकांना जमतं. मला त्याची लाज वाटली, आणि ती लाज नक्की कोणाची हे मी शोधत बसलो नाही.

मग विस्तिनच्या लक्षात आलं.

ओळख पटली होती. एक अख्खी गल्ली साक्षीदार होती. लोन्झुने आता फक्त वही उघडायची आणि एक ओळ लिहायची होती. उद्या सकाळी विस्तिन बसआगाराच्या भिंतीशी. विस्तिन बैठकीवरून मागे वळला. लोन्झुकडे नाही, माझ्याकडे. त्याही परिस्थितीत त्याने शपथ पाळली.

"मास्तर. साहेबांना सांगा... साहेबांना सांगा, की ही बाई उन्हामुळे जरा—"

"ऐकू येतंय मला," वरून फिलुमेना म्हणाली.

"नाही, ते नका सांगू. असं सांगा, की वाटेत मी जी कुत्र्याची गोष्ट सांगितली ती चुकीची होती. माहिती जुनी होती. तो कुत्रा नव्हता."

"मग कोण होता?"

"ते तुम्ही विचारू नका हो! नव्हता एवढंच सांगा."

मी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी विस्तिनचं बोलणं शब्दाला शब्द जर्मनमध्ये सांगितलं, क्रियापद शेवटी ठेवून, नीट. लोन्झुला त्यातलं अक्षर कळलं नसणार. त्याने मिटलेल्या वहीवर पेन्सिल आडवी ठेवली. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब टपकला.

"डांके," तो म्हणाला, म्हणजे आभार.

मग त्याने टोपी काढली, सज्ज्याकडे मान वर केली आणि अगदी परक्या माणसासारखा, अदबीने जर्मन नमस्कार केला, "गुटेन टाग."

फिलुमेनाने त्याच्याकडे पाहिलं.  दोरी तिने हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"अरे," ती मोठ्याने म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशी, "हा तर जर्मन आहे. लांबून तसा वाटला. माझी चूक झाली."

"जर्मनच आहे!" समोरची म्हातारी ओरडली. "आपला लोन्झु ह्याच्याहून बारीक!"

"आणि आपल्या लोन्झुला केस आहेत," दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं. हे साफ खोटं होतं, पण भावना चांगली होती. पाचच मिनिटांत सगळ्या गल्लीने त्याच्या जर्मनपणाची ग्वाही दिली. एकाने तर त्याला बर्लिनमध्ये पाहिल्याचं सांगितलं. टोपली वर गेली, खिडकी सरकली.

निकाल पंधरा दिवसांनी आला. विस्तिनला एकसष्ट गुण मिळाले. जागा राहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'गाडीवान नम्र. घोडी स्वच्छ. स्थानिक रहिवासी आतिथ्यशील.' अड्ड्यावर त्याने सगळ्यांना बदामाचं सरबत पाजलं.

मला वाटलं, आता निदान हे दोघे बोलतील. वाटायला काय जातं? ऑगस्टात आमच्या संताचा उत्सव आला. फिलुमेनाच्या सज्ज्यावर विस्तिन स्वतः शिडी लावून चढला आणि दिव्यांच्या दोन माळा लागायच्या तिथे त्याने पाच लावल्या. मी खाली शिडी धरून उभा होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लोन्झु दिसला. आईसाठी औषध घेऊन चालला होता. तो थांबला, वर बघून त्याने किंचित हात उचलला.

विस्तिनने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आता काय झालं?" मी विचारलं. "तो पळाला नव्हता, कळलं ना तुला? तुझी जागा वाचवली त्याने."

"पळाला असता तर माफ केलं असतं मी, मास्तर," विस्तिन तोंडातला खिळा काढून म्हणाला. "माणूस घाबरतो. पण एक वर्षाआड? आपल्या आईच्या सज्ज्यावर? ह्या माणसाशी मी मरेपर्यंत बोलणार नाही. जरा ती सहावी माळ द्या वर."

मी माळ वर दिली.